बाईक जिथे लावतो तिथे

१ सप्टेंबर २०२५, सोमवार
आजपासून चर्चचा ‘सृष्टीचा काळ’ सुरू, सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचे दिवस. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणाला, ४ ऑक्टोबरला, संपेल. सेमिनरीत मी यावर वीस पानी निबंध लिहिला होता. पोप फ्रान्सिसच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे सहा अध्याय, २४६ परिच्छेद, सगळं तळटिपांसकट. १ सप्टेंबरची ही प्रार्थना ऑर्थोडॉक्स मंडळींनी १९८९ साली सुरू केली आणि पोप फ्रान्सिसनी २०१५ साली ती कॅथलिकांत आणली, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वसईच्या या धर्मग्रामात येऊन चार महिने झाले. अजून कुणी विचारलेलं नाही.

७ सप्टेंबर, रविवार
आजचं वाचन वेगळं होतं, तरी प्रवचनात मी उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायावर गेलोच. देवाने आदामाला बागेत ठेवलं ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागतीसाठीच्या हिब्रू शब्दाचा अर्थ सेवा करणं असाही होतो, हे सांगताना आवाज जरा चढला. शेवटी इथल्या वाड्यांमधल्या जुन्या तळ्यांबद्दल ठासून म्हणालो, “उरलेली बावखलं बुजवू नका.” माना डोलल्या. बरं वाटलं.

मिस्सा संपल्यावर एक म्हातारे काका दारात थांबले होते. म्हणाले, “फादर, चांगलं बोललात. पण तुम्ही बाईक लावता ना, तिथेच बावखल होतं. आम्ही पोहायला त्याच्यातच शिकलो.”

दुपारी जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार
मरियामातेच्या जन्माचा सण. कागदी कप बंद करून चहाला स्टीलचे पेले ठेवले. धुणार कोण, हे ठरवायचं राहिलं. दोन पोरं आणि मी, रात्री साडेनऊपर्यंत.

११ सप्टेंबर, गुरुवार
काकांच्या वाडीत गेलो. त्यांचं बावखल अजून आहे, पावसाने काठोकाठ भरलेलं, अर्ध्यावर जलपर्णी. पूर्वी काठाला रहाट होता. त्याच्या पाण्यावर केळी आणि पानवेली. काकांनी मला शिकवणी दिल्यासारखंच समजावलं: पावसाचं पाणी इथे थांबतं, मुरतं, शेजारच्या विहिरी गोड राहतात आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकत नाही. पंप आले, रहाट गेले, बावखलाकडे बघायचं कारणच उरलं नाही. पुढे विहिरींचं पाणी टँकरनी बाहेर जाऊ लागलं आणि जमिनीला भाव आला. वहीत मी एवढंच लिहून घेतलं. हा धडा सेमिनरीत नव्हता.

फादर दिब्रिटोंचा विषय निघाला. गेल्या जुलैत त्यांना जाऊन वर्ष झालं. इथली हिरवाई वाचवायच्या ‘हरित वसई’ लढ्यात काका त्यांच्यामागे मोर्चात चालले होते; मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. “फादर पुढे होते म्हणून आम्ही गेलो,” म्हणाले. हे मला उद्देशून होतं की काय, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

सूनबाईंचं म्हणणं मात्र वेगळं. “डास होतात, फादर. धाकट्याला डेंगी झाला होता. अ‍ॅडमिट केलं तेव्हा कुणी आलं नाही बावखल वाचवायला.” यावर निबंधातलं एकही वाक्य चालण्यासारखं नव्हतं. गप्पी मासे आणून देतो, म्हणालो. डेंगीचा डास घरातल्या पिंपात, टायरांत, कुंडीखालच्या बशीत जास्त वाढतो हेही सांगायला हवं होतं, पण आजचा दिवस तो नव्हता.

१३ सप्टेंबर, शनिवार
मासे सोडले. जलपर्णी काढायला युवक मंडळाची अकरा मुलं आली, चौघांनी फक्त फोटो काढले. माझ्या पायाला जळवा. सूनबाईंनी मीठ आणून दिलं आणि पहिल्यांदा हसल्या.

२० सप्टेंबर, शनिवार
पॅरिश कौन्सिलची बैठक. बाईकच्या जागेचा विषय मीच काढला. बावखल परत खणा असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. निदान पेव्हर ब्लॉक उचलू, शोषखड्डा घेऊ, चर्चच्या छपराचं पाणी पाइपाने विहिरीत सोडू, एवढंच. खजिनदार म्हणाले, ब्लॉक एका कुटुंबाने आईच्या स्मरणार्थ दिलेत, पाटीसकट. एकाने लग्नाच्या गाड्यांचं काढलं. कुणीतरी २०१८ च्या जुलैतल्या पुराची आठवण दिली, रेल्वे बंद पडली होती आणि मिठागरातली माणसं अडकली होती तेव्हाची. लगेच दुसरा म्हणाला, “तो पाऊसच तसा होता.” पाऊस तसा होता हे खरंच. पण पाण्याला थांबायची जागा आपण ठेवली नाही, हेही खरं, आणि त्या ‘आपण’मध्ये आमचं चर्चही येतं. मोठे फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या कुटुंबाकडे मी जातो.”

२ ऑक्टोबर, गुरुवार
कुटुंबाची हरकत नाही. पाटी तेवढी भिंतीवर लावा, म्हणाले. इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
असिसीच्या फ्रान्सिसचा सण. प्रवचन सात मिनिटांत आटोपलं. मिस्सेनंतर भिंतीकडच्या दोन रांगांचे ब्लॉक उचलले. खाली भराव: विटांचे तुकडे, फरशा, एक तुटका कमोड. काका खुर्ची टाकून बघत होते. कमरेएवढं खणल्यावर काळा, चिकट गाळ लागला. त्यांनी चिमूटभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “हेच.”

छपराचा पाइप अजून जोडलेला नाही. प्लंबर सोमवारी येतो म्हणालाय. बाईक रस्त्यावर लावली आहे.