उसना उजेड

दुकानदाराशी भांडायला निघताना माणसाने घरचा आरसा पाहून निघावे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे असे झाले.

अण्णांची शेवटची दिवाळी. अभ्यंगस्नान उरकून ते गॅलरीत पणत्या लावीत होते, तेव्हा मी मोबाइलवर त्यांचा फोटो टिपला होता. ते गेल्यावर तोच मोठा करून भिंतीवर लावायचे ठरले. रात्री निजानीज झाल्यावर मी दिवे मालवून संगणकापुढे बसलो. पणती उठून दिसावी म्हणून भोवतीचा काळोख जरा वाढवला. पडद्यावर अण्णा असे दिसू लागले की, आता हाक मारतील!

फोटो छापून आला. आईने चष्मा लावला, तो खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “छान आहे रे. पण ह्यांचे डोळे कुठे आहेत?”

खरेच, डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसती सावली होती. मी तसाच तडक दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. दुकानदार वयस्क, शांत. त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, पडद्याचा उजेड किती ठेवता?”

“पूर्ण!” मी ऐटीत म्हणालो.

“मग फोटो काळा नाही. तुमचा पडदा फार उजळ आहे.”

पडदा स्वतःच्या उजेडाने झळकतो. कागदाला मात्र खोलीचा उजेड उसना घ्यावा लागतो. टेबलावर ३०० लक्स उजेड पडत असेल, तर कोरा पांढरा कागद दर चौरस मीटरला ८५ कँडेलांच्या आसपास उजेड परत देतो. पुष्कळसे मॉनिटर पूर्ण उजेडावर २५० ते ३५० कँडेला सहज फेकतात. म्हणजे कागदाच्या तिप्पट-चौपट! त्यातून मी अंधारात बसलेला. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तो पडदा अधिकच लखलखीत वाटणार. म्हणूनच छपाईसाठी फोटो तयार करणारी मंडळी पडदा ८० ते १२० कँडेलांवर ठेवतात. त्यासाठी पडद्यावर टेकवून उजेड मोजण्याचे यंत्रही मिळते.

“यंत्र नसले तरी चालेल,” दुकानदार म्हणाले. “खोलीतले दिवे लावा. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखी उजळ दिसेपर्यंत पडदा मंद करा. पडदा थोडा निळसर वाटेल, पण आपण उजेड जुळवतो आहोत, रंग नव्हे. आणि मोठी प्रत काढण्याआधी लहान प्रत काढून पाहा.”

मी घरी येऊन तसे केले. पडदा मंद करता करता अण्णांचा चेहरा हळूहळू सावलीत गेला आणि छापलेल्या फोटोसारखाच दिसू लागला. फोटो होता तसाच होता. इतके दिवस पडदाच माझी खुशामत करीत होता. मग मी वाढवलेला काळोख काढून टाकला, चेहऱ्यावरची सावली थोडी उचलली. पणती जरा फिकी पडली, पण डोळे परत आले. आधी पोस्टकार्डाएवढी प्रत काढून पाहिली, मग मोठी काढली. दुकानदारांची क्षमाही मागितली. त्यांनी चहा मागवला.

नवा फोटो मी जाण्यायेण्याच्या बोळातल्या खिळ्याला अडकवला. आई आली, पाहिले आणि म्हणाली, “इथे नको. खिडकीसमोर लाव. तिथे सकाळी ऊन येते.”

लक्स आणि कँडेला तिला कोणी शिकवले नव्हते. मी मुकाट्याने हातोडी आणली.