आधी तानपुरा ऐकवा

उंची स्पीकर विकणाऱ्या दुकानात ऐकवायच्या चिजा ठरलेल्या असतात. गिटारच्या साथीवर कानाशी कुजबुजल्यासारखी गाणारी एक बाई, मग कुठलासा भलाथोरला ढोल, मग टाळ्यांचा कडकडाट. लाखांच्या घरातला कुठलाही स्पीकर यात नापास होत नाही, कारण ती रेकॉर्डिंगं त्यासाठीच निवडलेली असतात. लोकांना स्पीकर निवडून देणं आणि घरी नीट लावून देणं हा माझा व्यवसाय. गिऱ्हाइकाबरोबर जाताना मी तानपुरा नेतो. म्हणजे रेकॉर्डिंग: काळी एकचे दोन तानपुरे, गवई अजून गळा मोकळा करतोय, तबलजी डग्ग्यावर हात फिरवून बघतोय.

या पट्टीत खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. पण तानपुऱ्याचा जीव वर असतो. घोडीवर तारेखाली दोरा जागेवर बसला, जवारी खुलली, की एका छेडीतून स्वरांची अख्खी रांग निघते आणि काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. वूफर आणि ट्विटर अशा जोडीच्या स्पीकरमध्ये बहुधा दोन-तीन हजार हर्ट्झच्या दरम्यान वूफर थांबतो आणि ट्विटर पुढचं काम उचलतो. हा सांधा कच्चा असेल तर जवारी तारेपासून सुटते. खाली भोपळा घुमत राहतो आणि वर ट्विटरपाशी नुसती चुरचुर टांगलेली. ढोलाच्या दणक्यात हे कधीच उघडं पडत नाही.

बीबीसीच्या संशोधन विभागाने १९७०च्या दशकात एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर केला, तो बाहेरून प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनच्या अडचणीच्या जागेसाठी. फूटभर उंचीचा बंद डबा, ५ इंची वूफर. माणसाचं बोलणं खरं वाटावं ही त्यातली पहिली अट. खर्ज तो पुरता देत नाही. पण वरच्या स्वरांची रांग शाबूत असली की मूळ स्वर आपला कान स्वतःच भरून काढतो; त्यामुळे त्यावर तानपुरा तानपुराच वाटतो. उगाच नाही लोक अजून तो शोधत फिरत.

मग दुकानदार दोन जोड्या आलटून पालटून वाजवतो, आणि इथेच खरी मेख असते. एक ८३ डेसिबल संवेदनशीलतेचा, दुसरा ८९चा. व्हॉल्यूम तोच ठेवला तर दुसरा जिंकणारच. ते सहा डेसिबल भरून काढायला पहिल्याला चौपट वॉट लागतात. एखाद्याच डेसिबलचा फरक असला तर तो ‘मोठा’ म्हणून कळतही नाही, ‘काय खुलतंय!’ म्हणून कळतो. मी पिंक नॉइज लावून मोबाइलवरच्या मीटरने दोघांची पातळी सारखी करतो. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

शिवाय डोळे कान भरतात. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमन कंपनीतल्याच ४० जणांना तेच स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकवले. दिसायला लागल्याबरोबर देखण्या, महागड्या स्पीकरांचे गुण वाढले.

आणि खोली? ती तर दुकानात नसतेच. आपल्या फ्लॅटमधली १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झला गुंजते, तशीच दुपटीला, ९४ला. त्यात फरशी, काँक्रीट, काचेचं शोकेस. तिथे उंच स्पीकर कोपऱ्यांत कोंबले की डग्ग्याची मींड एका जागी फुगते आणि पुढे सरकतच नाही. म्हणून घरी आणून ऐकू न देणाऱ्याकडून मी काही घेऊ देत नाही.

परवा एका निवृत्त गृहस्थांकडे एक लहान आणि एक उंच अशा दोन जोड्या मागवल्या. “लहान जोडी साफ बोलते हो,” त्यांनी मान्य केलं, “पण आल्यागेल्याला दिसणार काय?” उंच जोडीच घेतली. मी ती भिंतीपासून हातभर पुढे ओढली, सोफा मागच्या भिंतीपासून सोडवला, डब्याच्या भोकात, म्हणजे पोर्टमध्ये, कंपनीनेच दिलेले फोमचे बोळे घातले. डग्गा बराचसा ताळ्यावर आला. शोकेसला मात्र काकूंनी हात लावू दिला नाही.