दोन मिनिटं माझी, दोन तुझी

घरात कोणी धाडकन कोसळलं, तर आपण बायका काय करतो? तोंडावर पाणी मारतो, कांदा हुंगवतो आणि पुरुषमाणसांची वाट बघतो. पण भर दुपारी घरात असतं कोण? सासू-सून, नाहीतर दोघी जावा.

माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर हृदय बंद पडलंय असंच धरावं. मग उपचाराविना गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची आशा ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे खरी. पण पालम-सोनपेठकडच्या वाडीवस्तीवर ती काही उडत येणार नाही! तोवर छाती दाबत राहायची. ही रीत १९६० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या तिघांनी जगापुढे मांडली. त्यांतले कौवेनहोवन तर डॉक्टर नव्हेत, विजेचे इंजिनिअर!

आमच्या शाळेत पुतळ्यावर प्रात्यक्षिक झालं. माणसाला बाजेवरून खाली जमिनीवर घ्यायचं. तळहाताचा मनगटाकडचा भाग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं आणि दर वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची.

आमच्या एक बाई चांगल्या दणकट. पण दीड मिनिटात पुतळ्याची छाती निम्मीच खाली जायला लागली. बाईंना मात्र वाटत होतं, आपला जोर तोच आहे! म्हणून दुसरी हवी. तिने १०८ ला फोन लावून स्पीकर चालू ठेवायचा, दार उघडायचं आणि समोरच्या बाजूला बसून मोठ्यानं मोजायचं. दोन मिनिटं झाली की पहिलीला दम असो-नसो, हात बदलायचे. तेही पाच सेकंदांच्या आत. उखळात दोघी आळीपाळीनं मुसळ घालतात, तसा ताल तुटू द्यायचा नाही. शिकलेल्या असाल तर दर ३० दाबांनंतर दुसरीनं तोंडानं २ श्वास द्यावेत; नसाल तर नुसतं दाबत राहावं.

“पण मामंजींच्या छातीला सुनेनं हात कसा लावायचा?” एकीनं विचारलंच. सगळ्या हसल्या, मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. घरी येऊन आत्याबाईंनाच विचारलं.

“जीव चाललाय अन् मर्यादा कसली गं? तू दाब, मी मोजते.”

त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनींना बोलावून तक्क्यावर शिकवलं. (धडधाकट माणसावर सराव कधीच करू नये.) मोजायला आत्याबाई होत्याच.