दार कुठे आहे?

आमच्या चिरंजीवांनी यंदा दिवाळीच्या सुट्टीत एक रणगाडा बांधला. कागदावर, अर्थात! जळगावच्या भाड्याच्या दोन खोल्यांत याहून मोठे शस्त्र मावणार नाही. पण कागदावर तो अक्राळविक्राळ होता. शंभर वर्षांनंतरच्या कुठल्याशा महायुद्धात खंदकांच्या रांगाच्या रांगा भरडत जाणारा, चार तोफांचा, पोलादी भिंती हातभर जाडीच्या.

मराठीच्या प्राध्यापकाला असे काही दाखवले की तो व्याख्यान देणारच. मी चिरंजीवांना सांगितले, "बाळ, तुझ्या आधी एका लेखकाने हा रणगाडा बांधला आहे." एच. जी. वेल्सने १९०३ साली एका कथेत असली अजस्र लोखंडी वाहने खंदकांवर घातली. तेव्हा तो कल्पनाविलास होता. पुढे तेरा वर्षांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर खरे रणगाडे चिखलातून सरपटत निघाले. वजन सुमारे अठ्ठावीस टन, आत आठ माणसे, चाल माणसाच्या चालीएवढी. नेमलेल्या ४९ पैकी सुमारे दोन-तृतीयांशच निघण्याच्या जागी पोचले. बाकीचे वाटेतच रुतले नाहीतर मोडले. पावसात काळ्या जमिनीत गाडी रुतली म्हणजे काय होते, हे खानदेशच्या माणसाला समजावून सांगायला नको.

मग मी माझ्या आवडत्या विषयावर आलो. हे यंत्र गुप्त राहावे म्हणून १९१५ च्या अखेरीस इंग्रजांनी त्याचे नाव 'टँक' ठेवले. बघणाऱ्याला वाटावे, पाण्याच्या टाक्या चालल्या आहेत! आणि गंमत अशी की तो इंग्रजी शब्द मुळात गुजराती-मराठीतल्या 'टांके'वरून गेला असावा, असे काही कोशकार मानतात. आपल्या गडांवरची पाण्याची टाकी आठवा. तहानलेल्याला पाणी देणारा शब्द विलायतेला गेला आणि तोफा लावून परत आला. या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो. चिरंजीवांनी जांभई दिली.

भाऊबीजेला आम्ही धुळ्याला गेलो. तिथे माझे मामा असतात. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. १९७१ च्या लढाईत ते रणगाड्याचे चालक होते. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत, आणि आम्हीही विचारत नाही. चिरंजीवांनी मात्र वही त्यांच्यापुढे धरली. मामांनी चष्मा पुसला, चित्र खूप वेळ पाहिले आणि विचारले,

"भाऊ, दार कोठे शे?"

चिरंजीव म्हणाले, "शत्रू आत येईल म्हणून ठेवलंच नाही."

"शत्रूचं जाऊ दे. आतल्यांनी बाहेर कसं यायचं?"

कुणी काही बोलले नाही. मामींनी फराळाचे ताट उगीचच पुढे सरकवले. मग मामाच हळू आवाजात म्हणाले, "आम्ही चौघं होतो. बाहेर तिघं आलो." एवढेच. चौपन्न-पंचावन्न वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेले हे पहिले वाक्य. चौथ्याचे नाव त्यांनी सांगितले नाही.

मला स्वतःची लाज वाटली. वजन, वेग, सन, शब्दाची व्युत्पत्ती, सगळे मी सांगितले होते. आत आठ माणसे, हेही सांगितले होते. ती बाहेर कशी आली, हे मात्र माझ्या मनातही आले नव्हते.

चिरंजीवांनी खोडरबर घेतले आणि पोलादी भिंतीचा एक तुकडा पुसला.

"आजोबा, केवढं दार करू?"

मामा म्हणाले, "शुद्ध हरपलेल्या माणसाला दुसऱ्याला ओढून काढता येईल, एवढं."