हाऊ बोर्ड जित्ता शे!

मदरबोर्ड दुरुस्त होतो! बदलून नवा आणायचा नाही, भंगारात किलोवर घालायचा नाही. त्याच बोर्डावर तांब्याचा तुटलेला ट्रॅक शोधायचा, जोडायचा आणि तोच बोर्ड पुन्हा चालवायचा. हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं, आणि आता भेटेल त्याला सांगत सुटलोय.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागे एका भंगारवाल्याकडे, जुन्या टीव्हींच्या ढिगाखाली, 386 चा बोर्ड सापडला. इंटेलने 386 प्रोसेसर 1985 मध्ये आणला. आपल्याकडच्या ऑफिसांत तो रुळला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे जळगावात 1990 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं त्या सुमारास. बोर्डाच्या एका कोपऱ्यात निळा-हिरवा थर चढलेला. तसाच तो जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये रिपेअरिंग करणाऱ्या एका काकांकडे नेला. त्यांनी भिंग लावलं, बोर्ड उजेडात तिरका धरला आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ बोर्ड जित्ता शे!” म्हणजे, हा बोर्ड जिवंत आहे!

मग त्यांनी जे दाखवलं, त्याने मी वेडाच झालो. घड्याळ आणि सेटिंग्ज टिकावीत म्हणून या बोर्डांवर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. वय झालं की तिचं सील सुटतं आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. बोर्डावरच्या हिरव्या संरक्षक लेपाखालून सरकत ते ट्रॅकचं तांबं खात जातं. आपल्या उन्हाळ्यात, पारा 45 च्या पुढे गेलेल्या बंद माळ्यावर, हे आणखी लवकर होतं. कपॅसिटरचंही तेच: तापमान 10 अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं!

बॅटरी आधी कापून काढली. थर अल्कलीचा, म्हणून त्यावर व्हिनेगर. कापसाने लावताच बारीक बुडबुडे आले. नंतर पाण्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून कोपरा लख्ख केला, पूर्ण वाळवला. सप्लाय जोडण्याआधी 5 व्होल्टची लाइन ग्राउंडला शॉर्ट नाही ना, हे मीटरवर पाहिलं. जुन्या एटी सप्लायला बोर्डासाठी दोन कनेक्टर असतात. काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे लावले तर बोर्ड जळू शकतो. स्विच दिला. मेमरी मोजली जाऊ लागली, आणि मग अक्षरं आली: कीबोर्ड एरर.

खरी मजा इथून पुढे! केळीच्या बागेत एखादं झाड सुकलं की शेतकरी ठिबकची नळी चाचपत मागे मागे जातो ना, अगदी तसं आम्ही ट्रॅकवरून गेलो. कीबोर्डच्या पाच पिनी गोल सॉकेटपासून 8042 या चाळीस पायांच्या कंट्रोलरकडे. मीटर बझरवर. एक पिन वाजली, दुसरी वाजली, क्लॉकची लाइन गप्प! लेप खरवडला तर खाली तांबं काळं पडून तुटलेलं. पंखे भरणाऱ्या दुकानातून एनॅमलची बारीक तार आणली, टोकं खरवडून टिन केली आणि काकांनी जम्पर मारला. बझर वाजला. पुन्हा सप्लाय दिला, नम लॉक दाबलं, आणि कीबोर्डवरचा दिवा लागला! दाबलं की लागतो, दाबलं की विझतो. मी किती वेळ तेच करत बसलो होतो!

आजच्या फोनच्या बोर्डात थरांवर थर असतात, काही चिप तर तांदळाच्या दाण्याहून लहान असतात. या 386 च्या बोर्डावर मात्र आयसीचे पाय डोळ्यांना दिसतात, बहुतेक आयसींवर नंबर छापलेले आहेत, आणि बिघाडाला ठावठिकाणा आहे. साधा मल्टिमीटर, चांगली सोल्डरिंग आयर्न आणि धीर एवढ्यावर माणूस त्या ठिकाणापर्यंत पोचतो. मशीन आपल्याला आत येऊ देतं, हा आनंद मला आजवर कुणी सांगितलाच नव्हता!

आणि हे नुसतं यंत्राचं कौतुक नाही. अशाच बोर्डांच्या स्लॉटमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसायचं आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. युनिकोड घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी! ते कार्ड पुन्हा चालवून बघायचं तर त्याला जिवंत बोर्ड हवा. आता मी तेच कार्ड शोधतोय.

तुमच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टायपिंग क्लासात, सोसायटीच्या जुन्या कपाटात असा संगणक असेल तर चालू करायची घाई करू नका. आधी कॅबिनेट उघडा आणि बॅटरी कापा. तिच्याऐवजी तीन पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून वायरीने बोर्डापासून लांब लावता येतात. अशा पुष्कळ बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांची जागा असतेच, ते तिथेच जोडायचे. पण बॅटरी आजच काढा, कारण तांबं खाल्लं जाणं उद्यापर्यंत थांबत नाही. तुटलेले ट्रॅक जोडायचं काम नंतर निवांत करू. काका शिकवायला तयार आहेत आणि मी शेजारी भिंग धरून बसायला!