गोडाऊन कुणाचे?

भिवंडीच्या अंजूरफाट्यावरून काल्हेर-कशेळीकडे वळले की दोन्ही बाजूंना पत्र्याची छपरे सुरू होतात आणि ट्रकवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो : गोडाऊन. तो इंग्रजीच, असे आपण धरून चालतो. माल खाली तळघरात उतरवायचा म्हणून ‘गो डाऊन’, ही व्युत्पत्तीही हमखास सांगितली जाते. इतकी सोयीची व्युत्पत्ती सहसा खोटी निघते. भिवंडीत तर गोडाऊनचा ओटा ट्रकच्या हौद्याला लागेल इतका उंच बांधतात. कामवारी नदीच्या पुराच्या मुलखात माल जमिनीखाली ठेवील कोण? अर्थात एवढ्यावर निकाल लागत नाही. पण यूल आणि बर्नेल यांच्या 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशाने या शब्दाचे मूळ तेलुगू ‘गिडंगी’ आणि तमिळ ‘किडंगु’ यांच्यात दाखवले आहे : माल पडून राहतो ती जागा. मलायी ‘गुदांग’ आणि पोर्तुगीज ‘गुदांव’ ही त्याचीच भावंडे. इंग्रजांनी तो आशियातल्या बंदरांत उचलला. लंडनचा व्यापारी आपल्या कोठाराला आजही वेअरहाउसच म्हणतो.

मग ‘गोदाम’ हा गोडाऊनचा अपभ्रंश, हे तरी खरे का? मला पटत नाही. शेवटचा ‘म’ इंग्रजीपेक्षा पोर्तुगीजांच्या नाकातल्या उच्चाराला जवळचा आहे, आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेईपर्यंत दोनशे वर्षे पोर्तुगीज भिवंडीच्या शेजारीच होते. चावी, पगार, लिलाव हे धंद्यातले शब्द त्यांच्याकडूनच आले. गोदाम त्याच वाटेने आले असावे. यावर कुणी म्हणेल, तरीही शब्द परकाच, आपली ‘वखार’ असताना तो हवा कशाला? वखार भारदस्त खरी. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली तेव्हा तिचा दबदबा होता, आणि राज्य वखार महामंडळाने तो शब्द सरकारी कागदावर टिकवलाही आहे. पण लोकांच्या बोलण्यात वखार लाकडाची आणि कोळशाचीच उरली. मोबाइल, कपडे, औषधे यांची खोकी ठेवलेल्या जागेला वखार म्हटले तर हमालही हसेल. गंमत म्हणजे गोदामाचा मूळ अर्थही आता मागे पडतोय : पूर्वी जकात चुकवायला मुंबईच्या वेशीबाहेर पडून राहणारा माल आज आला की काही तासांत पुढे निघतो. नव्या संकुलांच्या पाट्यांवर ‘लॉजिस्टिक पार्क’ झळकते आहे. तिथे मराठी पाटी लावायची वेळ येईल तेव्हा मालकांनी बिनदिक्कत ‘गोदाम’ लिहावे.