सरकीपुरतं मत बदललं

घाणीचं तेल तेवढं खरं आणि रिफाइंड म्हणजे जीव काढलेलं, हे मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. शेंगदाणा, करडई, जवस यांच्याबाबतीत आजही तेच सांगेन. पण आमच्या अंजनगाव सुर्जीच्या काळ्या मातीतलं हक्काचं पीक कापूस, आणि सरकीच्या तेलापाशी माझं हे मत टिकलं नाही.

क्विंटलभर कापूस जिनमध्ये गेला की रुई निघते साधारण तेहतीस-पस्तीस किलो. बाकी बहुतेक सरकीच. ती पिळली की लालसर-काळपट, कडवट तेल येतं. तो रंग मुख्यतः गॉसिपॉलचा. किडीपासून वाचण्यासाठी पऱ्हाटी स्वतःच हे विष तयार करते. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटात ते बऱ्याच अंशी बांधलं जातं, म्हणून त्यांना सरकीची ढेप चालते. वासरांना, कोंबड्यांना आणि माणसाला ते बाधतं. जे जसं निघालं तसंच चांगलं, हा माझा युक्तिवाद इथे लागूच होत नाही.

कॉस्टिक सोडा घातला की तेलातली मोकळी आम्लं साबण होऊन खाली बसतात आणि गॉसिपॉल त्यांच्यासोबत जातं. तो गाळ साबणाच्या कारखान्याला उपयोगी पडतो. मग मातीने रंग काढायचा, निर्वात टाकीत वाफेने वास काढायचा. या प्रक्रियेला मी नासाडी म्हणत असे. आता तिच्याशिवाय हे तेल ताटात येऊ नये असं म्हणतो.

शुद्ध झाल्यावर मात्र ते गुणाचं आहे. सुमारे निम्मं लिनोलेइक आम्ल, जवळपास चौथा हिस्सा पामिटिक, आणि लिनोलेनिक नावापुरतं. म्हणून तळणीत ते लवकर खवट होत नाही, फरसाणाची चव झाकत नाही. जवसाच्या तेलासारखं ते झटपट वाळत नाही, त्यामुळे रंग-वार्निशला फारसं कामाचं नाही. अमेरिकेत 1911 साली आलेलं ‘क्रिस्को’ हे वनस्पती तूप याच तेलात हायड्रोजन मिसळून बनवलं होतं. सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून, म्हणजे लिंटरपासून, नायट्रोसेल्युलोज होतं; ते स्फोटकांत जातं आणि लाकडाच्या पॉलिशमध्येही.

विषच नसलेली सरकी का पेरू नये? अमेरिकेत तसं वाण निघालं होतं, पण किडींनी ते सोडलं नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कीर्ती राठोर यांनी 2006 मध्ये गॉसिपॉल फक्त बियांत घटवून, पानांत राखून दाखवलं. ती वाट मला पटते. तशी सरकी आपल्याकडे येईपर्यंत सरकीचं तेल रिफाइंडच हवं.

आणि ते उघड नावाने विकावं. गुजरातेत कपासिया तेल मागून घेतात. आमच्याकडे कास्तकार कापूस पिकवतो आणि त्याच्याच सरकीचं तेल भेसळीचं म्हणून हिणवलं जातं. कालपर्यंत हिणवणाऱ्यांत मीही होतो. आता दुकानात डब्यावर ‘सरकी’ लिहिलेलं दिसलं, तर तो डबा मी घरी नेईन.